नाव पटावर आहे

४ एप्रिल २०२५
तिसऱ्या धक्क्याला कपाट उघडलं आणि शंभर वर्षांची धूळ माझ्या नव्या ओढणीवर सांडली. मोतीलाल हसत सुटले. ते इथले लिपिक. म्हणाले, पौर्णिमाबाई, अमरावतीहून एवढं शिकून आल्या, अन् सुरुवात झाडूनं. मीही हसले. शाळेच्या शताब्दीचा इतिहास लिहायचा आहे. दफ्तराची खोली मला दिली आहे: जाड भिंती, उंचावर एक झरोका. सकाळची शाळा साडेअकराला सुटते, मग सगळं आवार माझं. दाखल-खारीज रजिस्टरं पहिल्या वर्षापासून सलग आहेत. असं काम मला आवडतं.

९ एप्रिल
मुख्याध्यापक प्रभाकररावांनी माझं आडनाव दोनदा विचारलं, मग अनुक्रमणिका दिली. पहिलं प्रकरण नानाजी गुरुजींचं. शिस्त, सुवर्णकाळ, पूर्ण पानाचा फोटो.

आज एक नोंद सापडली. १९५६, इयत्ता पाचवी, वच्छला चिंधू. शाळा सोडल्याची तारीख कोरी. कारण कोरं. मोतीलालना दाखवलं. ते म्हणाले, नाव कमी केलं नाई, म्हणजे पोरगी पटावर आहे. कागदावर अजून पाचवीतच बसून राह्यली. या वेळी ते हसले नाहीत.

दुपारी शेजारच्या वर्गात कोणी मूल पाढे म्हणत होतं. एक ओळ, मग थांबणं, मग एक ओळ सोडून पुढची.

१५ एप्रिल
धुरपताबाई आल्या. वय पंचाहत्तर, अंगावर कालच्या जयंतीचं पांढरं लुगडं. दरसाल जयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्या येतात आणि थोरल्या बहिणीचा, वच्छलाचा, दाखला मागतात. दरसाल मोतीलाल सांगतात, कारण लिहिल्याशिवाय दाखला निघत नाही. काऊन बे मोत्या, म्या मेल्यावर देशीन का? मोतीलाल म्हणाले, आजी, तुम्ही यमाले बी हेलपाटे घालाले लावसान.

मग त्या माझ्याजवळ बसून सांगू लागल्या.

धर्मांतरानंतरचा पहिला उन्हाळा. वच्छलानं शाळेच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं काढून प्यायलं. नानाजी गुरुजींनी तिला या खोलीत कोंडलं. त्याच दिवशी सुट्टी लागली. गुरुजी किल्ली घेऊन गावी गेले. बाप दारावर आला, आतून तिनं हाक दिली. गावच्या पाटलानं कुलूप तोडू दिलं नाही. सरकारी कुलूप. सात वर्षांची धुरपता दाराबाहेर बसून राहिली. थे आतून एक ओळ म्हणे, म्या बाहेरून एक. चौथ्या दिवशी सतरा चोक अडुसष्टवर वच्छला थांबली.

पाढे ऐकू येतात हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

२२ एप्रिल
सगळं लिहून दिलं. नऊ पानं. प्रभाकररावांनी नऊही पानांवर तांबडी रेघ ओढली. म्हाताऱ्यांच्या गोष्टींना पुरावा म्हणत नाहीत. रकान्यात ‘सतत गैरहजर’ लिहून टाका, तुमच्या लोकांना शताब्दीतही भांडणच हवं.

सतत गैरहजर. या शाळेत सतत हजर असलेली ती एकटी.

मी म्हटलं, खरं कारण लिहीन, शाईनं लिहीन. ते म्हणाले, तीस तारखेला तुमचं काम थांबेल.

२६ एप्रिल
शेजारी वर्ग नाही. भिंतीपलीकडे मोकळं शेत आहे. आवाज याच खोलीतला. आज दुसऱ्या कपाटामागून. तेरा साते एक्क्याण्णव. मग ती थांबते, वाट पाहते. मी उत्तर दिलं नाही.

रडवेला आवाज असता तर सोसला असता. तो चिडलेला आहे. एकेक आकडा आपटल्यासारखा.

३० एप्रिल
दुपारचे बारा. रजिस्टर उघडलं. दाराशी प्रभाकरराव येऊन गेले. माझ्याकडे पाहिलं. मग बाहेरून त्यांचा आवाज, शिपायाला — बाई गेल्या, लाव कुलूप.

त्यांनी पाहिलं होतं. मला पाहिलं होतं.

दोन. फोन ऑफिसात चार्जिंगला. दार बडवून तळहात सोलले. आवारात कोणी नाही. पाणी संपलं.

चार. पंधराचा पाढा. टेबलाखालून —

ती थांबते. पुढची ओळ मी म्हणते. ही ओळ बाहेरून म्हणायची असते. मी तर आत —

सोळाचा. पेनावर हात आला. लहान. तापलेला. मी काढून घेत नाही. घाबरले आहे, पण —

रजिस्टरात तारीख लिहिली. कारण लिहिते. नानाजी गुरुजींनी को—

१ मे. लिहिणार मोतीलाल, लिपिक.
सकाळी साडेसहाला झेंड्याची दोरी काढायला मी खोली उघडली. पौर्णिमाबाई भिंतीशी बसल्या होत्या. श्वास चालू होता. हाकेला ओ देत नव्हत्या. रजिस्टरात कारण पूर्ण लिहिलेलं आहे. निम्म्यापुढचं अक्षर बाईंचं नाही, पाचवीच्या पोरीचं आहे. बाईंना सेवाग्रामच्या दवाखान्यात पाठवलं. प्रभाकररावांनी पान फाडायला सांगितलं. मी फाडलं नाही. दाखला लिहिला, शिक्का मारला. सही मिळाली नाही. आठ वाजता धुरपताबाईंच्या हातात दिला. झेंडावंदन वेळेवर झालं.