चेला मावशीकडे ठेवलेला निरोप

ला एस्पिगा
१४ जानेवारी १९९८

प्रिय मिग्दालिया,

तू आणि योएल दोघं खुशाल असाल आणि दावीदचं हवापाणी तुम्हाला मानवलं असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. तुझा पत्ता तुझ्या भावाकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तीनदा मागितला तेव्हा कुठे दिला त्याने.

लिहायचं कारण म्हणजे परवाचा पेपर. खेळाच्या पानावर तुमच्या चिरिकी प्रांताच्या मुलांच्या बेसबॉल संघाची यादी होती. कॅचर, योएल बारिया. मी ती ओळ इतक्या वेळा मोठ्याने वाचली की शेवटी दिमास म्हणाला, “आई, मी बहिरा नाहीये.” पण वाचणारच मी! त्याची धर्ममाता आहे मी. बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या नव्याकोऱ्या ब्लाऊजवर ओकला होता तो. तेवढा हक्क आहे माझा.

युक्लिदेसचा गुडघा पुन्हा धरलाय. गाईंच्या मागे फिरतो आणि संध्याकाळी नवरोबा कण्हत बसतो. आंब्यांना यंदा एवढा मोहोर आहे की फांद्या वाकल्यात. मैदानाला नवी जाळी लागली, त्यामुळे आता चेंडू पाद्रींच्या कोंबड्यांत जात नाहीत. पाद्री खूश, कोंबड्याही खूश.

दिमासचीही निवड झाली आपल्या प्रांताच्या संघात. पण कॅचर म्हणून नाही, सेकंड बेसवर. डिसेंबरात त्यानेच कोच निकानोरला जाऊन सांगितलं, मला कॅचर व्हायचं नाही. कारण विचारलं तर नुसता खांदे उडवतो. तुला माहीत आहे, माझे वडील कॅचर होते, तोही व्हावा म्हणून तो सहा वर्षांचा असल्यापासून मी मागे लागले होते. वाईट वाटलं. पण मुलं मोठी व्हायला लागली की आपलं कोण ऐकतं?

८ फेब्रुवारीला तुमचा संघ आपल्या इथे लास ताब्लासला खेळायला येतोय, आमच्याविरुद्धच. तू येशील ना योएलबरोबर? आपण दोघी एकाच टोपात दोघांचे गणवेश धुवायचो, कुणाची पँट कुणाची ते गुडघ्यावरच्या डागावरून ओळखायचो, ते आठवतं. गेल्या वर्षी जे झालं ते झालं. गावात निरोपांचा घोळ होतोच. तो धरून किती दिवस बसायचं?

हो, एक सांगायचं राहिलं. चेला मावशीने नाताळच्या आधी दुकान बंद केलं. म्हणते, आता आपल्याला जमणार नाही, डोकं चालत नाही. घरभर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. फ्रीजवर, दारावर, पाण्याच्या माठावरसुद्धा. “गॅस बंद कर.” “आज बुधवार.” मी सूप घेऊन गेले तर मला म्हणाली, “एदिल्सा, तू आलीस ते लिहून ठेवते हं, नाहीतर उद्या विसरेन.” तुझी सख्खी मावशी म्हणून कळवते. बाकी काही नाही.

योएलला माझा गोड पापा. तो आता घेऊ देत नसला तरी.

तुझी,
एदिल्सा


ला एस्पिगा
२६ जानेवारी १९९८

मिग्दालिया,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र लिहितेय. बसून वाच. आणि योएलच्या समोर नको.

मागच्या पत्रात मी “निरोपांचा घोळ” असं लिहिलं. घोळ कसलाच नव्हता. निरोप मी दिलाच नाही.

गेल्या जानेवारीतला तो शुक्रवार. तू योएलला घेऊन भावाकडे माकाराकासला गेली होतीस आणि शनिवारी दुपारच्या बसने येणार होतीस, तीनच्या निवड चाचणीला. संध्याकाळी निकानोर माझ्या दाराशी आला. म्हणाला, “दुपारी मैदानावर बैलांच्या खेळाचं कुंपण बांधणार आहेत. चाचणी सकाळी आठला घेतो. मिग्दालियाला कळवशील ना?” मी म्हटलं, कळवते. मला फक्त माकाराकासच्या शेवटच्या बसवाल्याला सांगायचं होतं, तुझ्या भावाच्या दारावरून तर जातो तो.

मी दुकानात गेले. देवाशपथ, सांगायलाच गेले होते. बस बाहेर उभी होती. ड्रायव्हर मक्याचं थंड पेय पीत माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. चेला मावशी कुणाला तरी तांदूळ मोजून देत होती. आणि माझ्या मनात आलं, कॅचरची जागा एक आहे. योएल आला तर दिमास गेला. हे मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, निकानोरला तर माहीत होतंच. ड्रायव्हरने ग्लास ठेवला. मला म्हणाला, “काय, कुणाला काही सांगायचंय?” मी म्हटलं, “नाही.” साबणाची वडी घेतली आणि घरी आले.

पुढचं तू पाहिलंस. तीनला तू आलीस, योएल गणवेशात, छातीला पॅड बांधून, आणि मैदानावर माणसं खांब ठोकत होती. तू निकानोरवर ओरडलीस. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, “मी चेला मावशीला सांगितलं होतं, बसवाल्याला सांग म्हणून.” मी दुकानात गेले होते हे चार जणांनी पाहिलं होतं. मावशीलाही मी आलेली आठवत होती. फक्त निरोप आठवत नव्हता. कसा आठवेल? दिलाच नव्हता तर.

तू तिच्या दुकानात जाऊन काय बोललीस ते रस्त्यावर ऐकू येत होतं. मी कोपऱ्यावर उभी होते. तेव्हाही गप्प बसले.

मला वाटलं होतं, यात फक्त एका मुलाची एका वर्षाची जागा जाईल. पुढच्या वर्षी निघेल भरून. पण ती बाई त्या दिवसापासून स्वतःला तपासायला लागली, मिग्दालिया. सुट्टे पैसे दोनदा मोजायची. मग तीनदा. मग माझ्याकडून मोजून घ्यायची. आणि मी मोजून द्यायचे.

तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दिमास तिच्याकडे दूध द्यायला गेला. परत आला तो तोंड पाडून. जेवेना. मी विचारलं तर म्हणाला, “आजी रडत होत्या. म्हणाल्या, मी योएलचा निरोप विसरले तेव्हापासूनच माझं डोकं बिघडलंय.”

मी म्हटलं, “म्हातारपण आहे बाळा.”

तो म्हणाला, “आई, त्या दिवशी तू साबण घेऊन आलीस तेव्हा मी विचारलं होतं, योएलला निरोप दिलास का. तू म्हणालीस, हो, बसवाल्याला स्वतः सांगितला. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना म्हणालीस, चेला आजीला सांगितला.”

बारा वर्षांचा मुलगा. एक वर्ष ही गोष्ट पोटात घेऊन फिरत होता. मी म्हटलं, “मग बोलला का नाहीस?” तर म्हणाला, “तू आई आहेस म्हणून.” आणि मग, “योएलच्या जागेवर मी पुन्हा बसणार नव्हतो. म्हणून सेकंड बेस मागितला.”

मी ताट बाजूला सारलं आणि तशीच, एप्रनमध्येच, मावशीकडे गेले.

ती अंगणात कोनफळ सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. साबणाच्या वडीसकट. ती सोलतच राहिली. मला वाटलं, हिला कळलं नाही. मग म्हणाली, “म्हणजे तू मला सांगितलंच नव्हतंस?”

“नाही, मावशी.”

“एक शब्दही नाही?”

“नाही.”

“मग मी काही विसरले नव्हते!” हातातलं कोनफळ तिने मला फेकून मारलं. खांद्याला लागलं. “वर्षभर! वर्षभर मी स्वतःला खुळी समजत होते, मेले! माठावर चिठ्ठ्या लावत होते! माझ्या भाचीने मला नको ते ऐकवलं आणि मी तिचीच माफी मागितली!” मग दुसरं कोनफळ मारलं. मग रडायला लागली, आणि रडता रडता उठून आत गेली आणि फ्रीजवरचे कागद टराटरा फाडायला लागली. मी दारात उभी. थोड्या वेळाने आतून ओरडली, “तिथे उभी काय राहिलीस? ती कोनफळं उचल आणि सोल. तेवढं तरी कर.”

मी सोलली. ती माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने दुकानाचं दार उघडलं आणि तराजू पुसला.

निकानोरलाही सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, “हे मला एकट्याला सांगून भागणार नाही.” काल रविवारी पालकांच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलले.   मग शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या मुलाची आई म्हणाली, “यापुढे माझे निरोप मी स्वतः पोचवीन बाई.” हसले सगळे. मला पालक समितीतून काढलं. काढायलाच हवं होतं. दिमासने संघ सोडतो म्हणून सांगितलं, पण निकानोर म्हणाला, “तू यंदा तुझ्या पायांवर आलायस. गप सराव कर.”

मी माफी मागत नाही, कारण कोणत्या तोंडाने मागू हे मला कळत नाही. पण तुझ्या मावशीचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा शाबूत आहे, एवढं तरी तुला कळायलाच हवं होतं. तिला फोन कर. दुकानाच्या शेजारचा सार्वजनिक फोन दुरुस्त झालाय.

तू हे पत्र फाडलंस तरी चालेल. वाचून फाड.

जिने तुझ्या मुलाला मैदानाबाहेर ठेवलं ती,
एदिल्सा


दावीद
१ फेब्रुवारी १९९८

एदिल्सा,

आम्ही दोघं ठीक आहोत.

तुझं पत्र फाडलं नाही. फाडायला घेतलं होतं. मग तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि तीन दिवस त्या डब्यातून तांदूळ काढताना तुला शिव्या घातल्या. त्यातल्या काही इथल्या आहेत, तुला कळणारही नाहीत.

चौथ्या दिवशी मावशीला फोन केला. कुणीतरी धावत जाऊन तिला बोलावून आणलं.  एदिल्सा, तिला “तुझं डोकं गेलंय, दुकान बंद कर आणि घरात बस” हे मी म्हणाले होते. तू नव्हतीस म्हणाली. खोटं तुझं होतं, पण ते वाक्य माझं होतं. आणि तिने ते पाळलं. तुझ्यावर कितीही चिडले तरी हे माझ्याच पदरात राहतं. मी फोनवर रडले तेव्हा ती म्हणाली, “रडून फोनचं मीटर वाढवू नकोस. तांदळाचा भाव काय आहे तिकडे ते सांग.” मग एकेक करून सगळे भाव विचारले आणि गेल्या वर्षीचे मला सांगितले. एक चुकला नाही.

योएलने पत्र वाचलं. मी लपवलं होतं, त्याने शोधलं. तुझ्याबद्दल काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. त्याचा त्याला वेळ लागू दे. एवढं मात्र सांगते, तो इथे पहिले दोन महिने ग्लव्हला हात लावत नव्हता. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई संध्याकाळी पोरांना खेळवतात, त्यांनी बळेच उभा केला. आता तो मैदानावर एवढा ओरडतो की पिचर त्याला घाबरतात. इथे त्याच्या जागेसाठी कुणी माझ्या दारात आलं नाही आणि मी कुणाच्या दारात गेले नाही. तो स्वतः उभा राहिला. हे तुझ्यामुळे झालं असं मी कधीच म्हणणार नाही.

दिमाससाठी मात्र निरोप आहे, योएलचा, शब्दाला शब्द. “त्याला सांग, मी कॅचर असताना पळून सेकंड बेस चोरायचा असेल तर खुशाल धाव. माझा चेंडू तुझ्या आधी तिथे पोचेल.” हे बोलताना हसत होता. कितीतरी दिवसांनी दिमासचं नाव घेताना हसला. तेव्हा हा निरोप पोचव, नाहीतर मी तुला खरंच सोडणार नाही.

शनिवारी मुलांच्या बसबरोबर येते. मावशीकडे उतरणार आहे. तुझ्या घरी नाही. सामन्याला तू तुमच्या बाजूला बस, मी आमच्या बाजूला बसेन. संपल्यावर काय ते बघू. जवळ येऊन काही बोलू नकोस, आधी मला तुझ्याकडे नीट बघता आलं पाहिजे.

माफी अजून दिलेली नाही. पण येतेय.

मिग्दालिया