मधोमध आलेली सुई

मंगळवार, १५ मार्च १९९४, इस्लामपूर

शेजारची आक्का उद्या ऑपरेशनला मिरजेला जाणार. त्याआधी एकटीचा फोटो हवा म्हणाली. पांढरं पातळ नेसून उन्हात, विहाराच्या चुना दिलेल्या भिंतीपुढे बसली.

"आवं बाई, समद्या फोटूंत मी कोळशावानी हाय. ह्यो तरी धड काढा."

"हलू नका," मी दरडावलं. कॅमेऱ्यातली उजेड दाखवणारी सुई मधोमध आली, बटण दाबलं. रोल संपला.

आता कळतंय, सुई पांढऱ्या भिंतीचा आणि पातळाचा उजेड मोजत होती; चेहरा काळाच येणार. चेहऱ्यासाठी अ‍ॅपर्चर, भिंगाचं उजेड आत घेणारं तोंड, दोन आकडे जास्त उघडायला हवं होतं. एवढं कसं विसरले? सुई मधोमध बघून खूशही झाले!

रोलचं दुकान उद्या दहाला उघडतं, तिची एसटी सकाळी सहाची.

ती परत आलीच नाही तर? तिच्या लेकींच्या हाती मी कोळसाच देणार.