मलम लावलंस का?

२ डिसेंबर, मंगळवार

आजपासून मी मोबाइलवरून माणसं बरी करते! कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या त्वचेच्या दवाखान्यात मला त्यासाठीच घेतलंय. इसब असलेली शाळा-कॉलेजातली मुलं मलम लावायला विसरतात, म्हणून रोज संध्याकाळी त्यांना मेसेज जाणार — ‘मलम लावलंस का?’ उत्तर आलं की संगणकावर मी हिरवी खूण करायची. माझ्या वडिलांनी, नानांनी, शाळेत घालण्याआधी दोन वर्षं घरी पाटी गिरवून घेतली, ती बहुधा ह्याच दिवसासाठी.

मेसेजमध्ये ‘लावलंस’ बरं की ‘लावलेस’ ह्यावर माझी सकाळ गेली. आमच्या डॉक्टर सरांनी विचारलं, ह्यातल्या कशानं खाज लवकर थांबते?

५ डिसेंबर

उत्तरं येऊ लागली. एकानं नुसता अंगठा पाठवला. एकीनं विचारलं, ‘कोन?’ एकानं परवा ‘जेवून लावतो’ लिहिलं — अजून जेवतोय.

साताऱ्याच्या जयराजनं मला ब्लॉक केलं. तो सैन्यभरतीच्या अकॅडमीत असतो. खोलीतल्या पोरांनी मेसेज मोठ्यानं वाचला आणि विचारलं म्हणे, ‘खाजवत खाजवत बॉर्डरवर जानार व्हय रं?’ मला दिवसभर अपराधी वाटलं. म्हणून मुलांसाठी मजकूर बदलला: ‘आठवण आहे ना?’ आता एकाच्या आईचा फोन आला, ही पोरगी कोण!

मजकूर पुन्हा पहिला केला.

२० डिसेंबर, शनिवार

आमच्या योजनेची शान म्हणजे राजेश्वरी. शिराळ्याकडची, दहावीत. तिच्याकडे फोन नाही, मेसेज आईच्या, मंगलकाकूंच्या फोनवर जातो. मिनिटाभरात उत्तर — ‘लावलं’. एकदाही चुकलं नाही. ट्यूबही वेळेआधी संपते, वडील कऱ्हाडला आले की दवाखान्यातून नवी नेतात. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना सरांनी तिचा आलेख मोठा करून दाखवला. मी शेजारी उभी, जणू मीच काढलेली रांगोळी.

अभिमान वाटला. मग अभिमान वाटतोय ह्याची भीती वाटली.

१५ जानेवारी, गुरुवार

शान आज स्वतः तपासणीला आली. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. फुल बाह्या वर केल्या तर कोपरांच्या आत कातडी फाटून पाणी येतंय. गुडघ्यांच्या मागेही तेच.

मी म्हटलं, अगं, रोज लावतेस ना?

‘मला कुठं? ताईला लावतोय. तुमचा मेसेज आला की आई ट्यूब काढती.’

ताई म्हणजे संयोगिता, थोरली. तिला स्थळ आलंय. मलमानं गोरं होतं असं मावशीनं सांगितलं. आणि झालीय की गोरी! राजेश्वरी कौतुकानं सांगत होती.

‘आणि तू?’

‘माजं बाहीत झाकतंय. ताईचं तोंड कुठं झाकायचं?’

स्टेरॉइडचं मलम. दीड महिना, रोज, चेहऱ्यावर. आणि रोज आठवण कोण करून देतंय? मी! वक्तशीरपणे!

सर सांगलीला गेलेले. मला थांबवेना. मंगलकाकूंना फोन लावला आणि सगळं ऐकवलं — कातडी पातळ होते, लाली येते, तोंडावर लव येते. आजच्या आज बंद करा. काकू घाबरल्या. पंचवीस तारखेला पाहुणे पक्कं करायला येणार आहेत म्हणाल्या. मी म्हटलं, पाहुण्यांपेक्षा चेहरा महत्त्वाचा. फोन ठेवल्यावर आपण फार छान बोललो असं वाटलं.

१६ जानेवारी

सर आल्या आल्या सांगितलं. मला वाटलं शाबासकी.

‘एकदम बंद करायला सांगितलं? तोंड पेटेल त्या पोरीचं. हळूहळू सोडवायचं असतं ते. मला एक फोन करायचा ना!’

काकूंना फोन लावला. दिवसभर उचलला नाही. मिनिटात उत्तर देणाऱ्या काकू.

१९ जानेवारी, सोमवार

शेवटी उचलला. संयोगिताच्या गालांवर चट्टे उठलेत, पाणी लागलं तरी आग होते. मी म्हटलं, माझं चुकलं, तिला उद्याच घेऊन या, सर हलकं मलम देऊन हळूहळू कमी करतील.

‘परवा बंद करा म्हनला, आता म्हनताय लावा. तुमचं तरी ठरलंय का काय ते?’

मी गाडी पाठवते म्हटलं. नको म्हणाल्या. लग्नाच्या पोरीला कातडीच्या दवाखान्यात कुणी बघितलं तर गावभर होईल. पाहुणे येऊन गेले की बघू.

सर स्वतः बोलले. काकूंनी त्यांनाही तेच ऐकवलं, फक्त ‘आवं डॉक्टरसाहेब’ लावून.

२२ जानेवारी

शिराळ्याला जाऊन आले. काकूंनी दारातच पाणी दिलं. संयोगिता आतून बाहेर आली नाही. सरांनी संयोगितासाठी दिलेलं हलकं मलम राजेश्वरीच्या हातात ठेवून आले. कसं लावायचं ते तिला समजावलं. ती मान हलवत होती आणि कोपर खाजवत होती.

२५ जानेवारी, रविवार

आज पाहुणे. देवासमोर दिवा लावला. आरोग्यशास्त्रात ह्याला काय म्हणतात, ठाऊक नाही.

२६ जानेवारी, सोमवार

संध्याकाळच्या मेसेजला आज राजेश्वरीनं स्वतः उत्तर लिहिलं:

‘पाहुनं ताईचं तोंड बघून उठलं. च्या बी घेतला न्हाई. ताई तोंडाला कुठलंच मलम लावू देत न्हाई. आता पहिली ट्यूब माजीच हाय. दोनी कोपराला लावलं.’