तुझ्या आईचं पान

आई, तुझ्या आईचं नाव सापडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुला लांबण लावलेली आवडायची नाही.

अविधवा नवमीला सात रस्त्याजवळच्या आपल्या घरात तू सकाळपासून खिरीचं पातेलं ढवळत उभी असायचीस. तू पाळण्यात असतानाच तुझी आई तापानं गेली, म्हणून तिच्यासाठी तू गच्चीवर पान ठेवायचीस आणि नाव घेऊन तिला जेवायला बोलवायचीस. अडचण त्या नावाचीच होती. मोडनिंबला तुझ्या वडिलांच्या घरी लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरीचं नवं नाव लिहीत. तसं तुझ्या आईचंही लिहिलं. ती गेली, वर्षाच्या आत दुसरी आणली, तेव्हा तुझ्या आजीनं तांदळांवर पुन्हा तेच नाव लिहायला लावलं. जिभेला वळण पडलंय, आता नवं कशाला, असं म्हणाली म्हणे. म्हणजे तुला जन्म देणारी आणि तुला वाढवणारी धाकटी आई, दोघी एकाच नावाच्या. धाकटी गेल्यावर तर तुझा घोर वाढला. पान ठेवून खाली आलीस की म्हणायचीस, "हाक कुणाला जातीय गं? धाकटी लई खमकी, तीच म्होरं होऊन जेवत आसंल. माज्या आईला तिच्या आईनं ठिवलेलं नाव ठावं आसतं, तर तिला एकटीलाच बोलावलं आसतं की." हे तू हसत हसत म्हणायचीस, पण कावळा शिवेपर्यंत दुपार टळायची आणि तोवर तू घास घ्यायची नाहीस. तुझं ते उपाशी तोंड मला अजून दिसतं.

तू गेल्यावर पान मी ठेवते, तुझंही आणि तिचंही. शोधायचं मात्र कधी मनात आलं नव्हतं. तुझा नातू हॉलंडला नोकरीला गेला आणि तिथलीच मुलगी करून बसला. सून गुणाची आहे, मला आईच म्हणते. या उन्हाळ्यात दोघं आली होती. सोलापूरचा उन्हाळा तिला कसला सोसतोय! दारं लावून पंख्याखाली बसून तिनं मला लॅपटॉपवर तिच्या खापरपणजीचे कागद दाखवले. बाईनं पंचविशीही गाठली नव्हती. पण सगळं जागच्या जागी. पहाटे जन्मली, बाप सुतार, जन्म नोंदवायला बापाबरोबर कोण शेजारी गेले आणि ते काय काम करायचे, कुणाकडे मोलकरीण होती, लग्न, एक मूल, मरण. सून वाचत होती, मुलगा मला मराठीत सांगत होता. मरणाच्या नोंदीतही तिचं नाव माहेरचंच. तिकडे म्हणे कागदावर बाईचं नाव लग्नानं बदलत नाही. मी ते नाव सुनेकडून घटवून घेतलं, जीभ वळेना तरी. मग ती म्हणाली, "आई, आता तुमच्या आजीला शोधू." पोरीला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल.

तालुक्याच्या कचेरीत जन्ममृत्यूचं जुनं दप्तर उघडून बसलेला माणूस बरा होता. त्यानं आधीच सांगितलं, "मावशी, बाईच्या नावानं हितं काय घावत न्हाय. पुरुषाचं नाव सांगा." तुझ्या वडिलांचं सांगितलं. मरणाच्या नोंदीत मिळालं ते एवढंच: त्यांची बायको, ताप. माहेर कुठलं ते आपल्याला ठाऊक नाही, पण ठाऊक असतं तरी काय? जन्माची नोंद बारशाच्या आधी व्हायची, तेव्हा नाव कुठून येणार? त्यानं पानं उलटून दाखवली. बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. खाली पुन्हा 'मुलगी'. सून विचारत राहिली, तिथे काय लिहिलंय, आणि मुलाला सांगवेना.

मग मोडनिंबला गेलो. तुझ्या वडिलांच्या शेजारची म्हातारी अजून आहे. तुझी आई नवी होती तेव्हाच हीही नवी नवरी होऊन आलेली. "आटवतीय की," म्हणाली. "उंच हुती. लई हसायची. नाव? सासरचं त्ये तुमाला ठावंच हाय. म्हायेरचं कोण इचारतंय, बाई? त्ये तिच्या आईबासंगं गेलं." तुझी आई हसायची, एवढं तुला सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. आता विचारायलाही कुणी उरलं नाही.

परवा नवमी झाली. तुझं पान ठेवलं, तुझं नाव घेतलं. तुझ्या आईचं ठेवलं आणि तोंडातून शब्द निघेना. त्या दोघींचं एकच नाव पुन्हा घ्यावंसं वाटेना, आणि दुसरं नव्हतं. मग मी सुनेच्या खापरपणजीचं नाव घेतलं. माहेरचं, पूर्ण, सुतार बापाच्या नावासकट. तरुणपणी गेलेली तेवढी एकच बाई मला धड नावानं ठाऊक आहे. पान खाली टेकतंय न टेकतंय तोच कावळा आला. तुझ्या आईच्या पानाला इतक्या लवकर कधी शिवला नव्हता. मी जिन्यात बसून रडले.

हे तुला कळू नये असं वाटतं, म्हणून हा कागद चुलीत जाईल. पण पुढच्या नवमीलाही मी तेच नाव घेणार आहे.