पडघ्याहून येणारा मिस कॉल

मंगळवार, संध्याकाळ, टेमघर

दादा सुताचा ट्रक घेऊन पडघ्याला गेलाय. पोचला की घरी मिस कॉल देतो. दोन रिंग, मग कट. आज अजून नाही.

मन रमेना म्हणून कॉम्प्युटरवर कारखान्याचा गेम लावला. त्यात ट्रकना खाण ते कारखाना रस्ता नेमून दिला की ते आपोआप फेऱ्या मारतात. मी मूर्खपणाने रस्ता रुळांवरून नेला होता. आगगाडीने एक ट्रक उडवला. मागचे थांबलेसुद्धा नाहीत, त्याच रुळांवर चढले. गेम बंदच केला.

आई म्हणाली, "देईल गं मिस कॉल. रेंज नसंल तिकडं."

मघाशी फोन वाजला. दोन रिंग झाल्या. मग तिसरी, चौथी. वाजतच राहिला. आई माझ्याकडे बघत होती.

मी उचलला नाही.