फोनमधलं धान

शनिवार, संध्याकाळ

आज पहाटे बायको मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. मी रिकामी टोपली घेऊन बांधावर बसलो, फोनमधल्या खेळातलं धान कापत. वेळेत कापलं नाही तर सुकतं म्हणे!

तिनं विचारलं, "मजा येते का जी?"

"नाई."

"मंग काऊन खेळून राह्यले?"

मी पुढचं धान कापत राहिलो. एक दिवस चुकला की खेळातली सलग हजेरी तुटते, एवढंच. खेळतो कुठं मी? हजेरी लावतो.

तेवढ्यात माझ्या बाजूची फुलं गाय खाऊन गेली. मी उठलोही नाही. माझी टोपली रिकामीच घरी आली. आणि आत्ता, हे लिहितानाही, जीव कशात अडकलाय? त्या फोनमधल्या धानात. सुकलं तर नसेल?