उजवीकडचा भांग

मारेगाव, शनिवार, माघ, १९५९

आज वर्गात सुमनने सिनेमाचं मासिक दाखवलं आणि मी पार येडी ठरले. माझ्या लाडक्या नटीचा भांग डावीकडे आहे! मी दोन वर्षं उजवीकडे पाडते, हुबेहूब तिच्यासारखा म्हणून. आईची बोलणी खाऊन.

मग उलगडलं. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत आम्हा बायकांना पडद्याच्या मागे बसवतात. तिथून अक्षरं उलटी दिसतात हे ठाऊक होतं, पण चेहराही उलटाच असणार, हे कधी डोक्यातच आलं नाही. म्हणजे तिला मी अजून पाहिलंच नाही?

घरी आल्यावर दादाला म्हटलं, "एकदा मले पुढून पाहू दे ना."

तो हसला. "बाया पुढं बसतेत का कुठं? अन् तुले आता सिनेमा कायले पाह्यजे?"

'आता' म्हणजे काय, ते आईने सांगितलं. उद्या मला पाहायला पाहुणे येणार. मॅट्रिक महिन्यावर आली आहे, पण मला विचारतो कोण? तिने फणी घेऊन माझा भांग मोडला, मधोमध पाडला. "आता कशी चांगली दिसून राह्यली!"

आरशासमोर बसले आहे. हा भांग पडद्याच्या पुढून पाहा की मागून, सारखाच.